नाव की नंबर? ऑन्टेरिओत कंपनी नोंदवताना

कॅनडातल्या ऑन्टेरिओ प्रांताच्या 'ऑन्टेरिओ बिझनेस रजिस्ट्री'त लॉगिन करून 'आर्टिकल्स ऑफ इन्कॉर्पोरेशन'चा, म्हणजे कंपनी स्थापनेचा अर्ज उघडला की सुरुवातीलाच एक प्रश्न समोर येतो: कंपनीला नाव द्यायचं आहे, की नंबर चालेल? पत्ता, डायरेक्टर, शेअर्स यांची तयारी करूनच माणूस बसलेला असतो. या प्रश्नाची तयारी मात्र सहसा नसते. मग घाईत सुचेल ते नाव टाइप होतं, नाहीतर 'पुढचं पुढे बघू' म्हणत नंबरवर क्लिक होतं. दोन्ही घाईची किंमत नंतर मोजावी लागते. म्हणून अर्ज उघडण्याआधीच याचा निकाल लावावा.

भारतातून आलेल्या माणसाला नंबरची कंपनी हा प्रकारच पटकन पचत नाही. तिकडे नाव मंजूर झाल्याशिवाय कंपनी जन्माला येत नाही. आकड्यांचं नाव मिळतं ते शिक्षा म्हणून: दुसऱ्याच्या नावाशी गल्लत होते म्हणून सरकारच्या रीजनल डायरेक्टरने नाव बदलायला सांगितलं आणि कंपनीने ते मुदतीत बदललं नाही, तर सप्टेंबर २०२१ पासून लागू असलेल्या नियम ३३अ प्रमाणे 'ओआरडीएनसी' ही अक्षरं, वर्ष, अनुक्रमांक आणि कंपनीचा ओळख क्रमांक (सीआयएन) मिळून तिचं नवं नाव तयार होतं. कॅनडात नंबर ही सहसा शिक्षा नसते. इथे नंबरची कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने नावाच्या कंपनीइतकीच धडधाकट. मर्यादित जबाबदारी तीच, टॅक्स तोच, बँकेचे नियमही तेच. मिसिसागा, ब्रॅम्प्टनच्या औद्योगिक भागातल्या कित्येक गोदामांच्या, ट्रकिंगच्या आणि भाड्याच्या इमारतींच्या मागे अशाच आकड्यांच्या कंपन्या असतात.

नंबर कसा मिळतो ते आधी सांगतो. प्रांतात नोंदणी केली तर कंपनीचा ऑन्टेरिओ कॉर्पोरेशन नंबर, पुढे 'ऑन्टेरिओ' आणि शेवटी तुम्ही निवडलेलं कायदेशीर शेपूट: इंक., लि. किंवा कॉर्प. समजा, '१०००१२३४५६ ऑन्टेरिओ इंक.'. १९ ऑक्टोबर २०२१ ला नवी रजिस्ट्री सुरू झाल्यापासून हे नंबर दहा आकडी झाले. त्याआधीच्या कंपन्यांचे सात आकडी दिसतात. आकडा निवडता येत नाही, शुभ नंबर मागता येत नाही, पुढच्या कंपनीसाठी लगतचा नंबर राखूनही ठेवता येत नाही. फेडरल, म्हणजे देशपातळीवरची नोंदणी केली तर 'ऑन्टेरिओ'च्या जागी 'कॅनडा' येतं. ब्रिटिश कोलंबियात 'बी.सी. लि.', अल्बर्टात 'अल्बर्टा लि.', क्युबेकमध्ये आकड्यांच्या मधोमध आडवी रेघ आणि पुढे 'क्युबेक इंक.'. शेपटांमध्ये कायदेशीर फरक काहीच नाही. 'प्रायव्हेट लिमिटेड' मात्र इथे नसतं. सवयीने ते लिहू नये.

खर्चाचा हिशेब

नंबर स्वस्त पडतो असं सगळेच सांगतात. आकडे मांडून बघू.

ऑन्टेरिओत ऑनलाइन नोंदणीची सरकारी फी ३०० डॉलर. नाव असो वा नंबर, फी तीच. नाव हवं असेल तर वर न्यूआन्स रिपोर्ट, म्हणजे मिळत्याजुळत्या नावांची यादी लागते. हा ऑन्टेरिओसाठीचा वेगळा रिपोर्ट असतो आणि तो नावांचा शोध घेऊन देणाऱ्या खाजगी कंपन्यांकडून विकत घ्यावा लागतो. प्रत्येकाचा भाव वेगळा, त्यामुळे दोनचार ठिकाणी विचारावं. नंबर घेतला की या रिपोर्टचा खर्च वाचतो. बस, बचत एवढीच.

पण नंबर घेतल्यावर दुकानावर, वेबसाइटवर, बिलावर दुसरं नाव (व्यवसायनाव) लावायचं असेल, तर बिझनेस नेम्स अ‍ॅक्टखाली ते नोंदवणं बंधनकारक आहे. त्याची फी ऑनलाइन ६० डॉलर आणि मुदत ५ वर्षं. म्हणजे ३६० डॉलर झाले, शिवाय दर ५ वर्षांनी नूतनीकरण. आणि दोन वर्षांनी 'आता कंपनीलाच नाव देऊ' असं ठरलं, तर आर्टिकल्स ऑफ अमेंडमेंटचे, म्हणजे दुरुस्तीच्या अर्जाचे १५० डॉलर आणि वाचवलेला न्यूआन्स रिपोर्ट तेव्हा घ्यावा लागतोच. फेडरलचं गणित आणखी बोलकं आहे. नोंदणीची ऑनलाइन फी २०० डॉलर, फेडरल न्यूआन्स रिपोर्ट पंधरा डॉलरच्या आत, आणि नंतर नाव बदलायचं तर पुन्हा २०० डॉलर. पंधरा डॉलर वाचवायला जाऊन कंपनी काढण्याइतकाच खर्च दुसऱ्यांदा करायचा.

तेव्हा नावाने धंदा करायचा हे आज पक्कं माहीत असेल, तर पैसे वाचवण्यासाठी नंबर घेण्यात काही अर्थ नाही. नंबर घ्यायची कारणं वेगळी आहेत आणि ती चांगली भक्कम आहेत.

नंबर कुठे शोभतो

पहिलं कारण वेळ. दुकानाचं लीज मालक आजच सही करून मागतोय, किंवा काम मिळवून देणाऱ्या एजन्सीला सोमवारच्या आत कंपनीचे कागद हवे आहेत, आणि नावावर घरात एकमत नाही. अशा वेळी लोक 'कंपनी होणारच आहे' म्हणून तिच्या नावाने आधीच सही करतात. हे टाळावं. कंपनी जन्मायच्या आधी तिच्या वतीने केलेला करार सही करणाऱ्याच्या अंगावर येतो. नंतर कंपनीने तो रीतसर स्वीकारला तरच त्याची सुटका होते, आणि त्याच्यावर जबाबदारी नाही असं करारात स्पष्ट लिहिलं नसेल तर स्वीकारेपर्यंत जबाबदारी त्याचीच. नंबरची कंपनी त्याच दिवशी उभी राहते. लीज तिच्या नावे करा, नाव सावकाश ठरवा.

दुसरं, होल्डिंग कंपनी. चालत्या धंद्याच्या कंपनीचे शेअर्स धरायला किंवा एखादी इमारत घ्यायला जी कंपनी काढतात, तिचा गिऱ्हाइकाशी संबंध येत नाही. तिला नाव देण्यात शक्ती घालवू नये.

तिसरं कारण आपल्या वाचकांपैकी बऱ्याच जणांना लागू पडेल: आयटी कॉन्ट्रॅक्टर. एकच एजन्सी, एकच क्लायंट, महिन्याला एक इन्व्हॉइस. एजन्सीला लागतात ते आर्टिकल्स, एचएसटी (विक्रीकर) नंबर, व्हॉइड (रद्द केलेला) चेक आणि विम्याचं सर्टिफिकेट. कंपनीचं नाव 'सह्याद्री' आहे की दहा आकडे, याने तिच्या कामात काही फरक पडत नाही. एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. भारदस्त नाव घेतलं की कॅनडा रेव्हेन्यू एजन्सी (करखातं) तुम्हाला 'खरा व्यवसाय' मानते, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. एकाच क्लायंटकडे नोकरासारखं काम करणारी कंपनी 'पर्सनल सर्व्हिसेस बिझनेस' ठरते की नाही, हे कामाच्या स्वरूपावरून ठरतं: वेळ कोण ठरवतो, साधनं कुणाची, तोट्याचा धोका कुणाचा. ती तशी ठरली तर छोट्या कंपन्यांची करसवलत हातची जाते. नावाचा यात काडीचाही संबंध नाही. नावावर घालायचे पैसे अकाउंटंटच्या एका तासाला द्यावेत.

गुप्ततेसाठी नंबर घेणारेही असतात. दारावरच्या पाटीवर आपलं नाव नको, एवढंच हवं असेल तर ठीक. पण डायरेक्टरांची नावं आणि नोंदणीचा पत्ता सार्वजनिक नोंदीत असतो. कंपनीचा प्रोफाइल रिपोर्ट थोड्या डॉलरांत कुणालाही काढता येतो. नंबर हा पडदा नव्हे.

आणि काही ठिकाणी नंबर मिळतच नाही. डॉक्टर, डेंटिस्ट, वकील, सीपीए (व्यावसायिक अकाउंटंट) यांची प्रोफेशनल कॉर्पोरेशन ऑन्टेरिओत नंबरने काढता येत नाही; नावात 'प्रोफेशनल कॉर्पोरेशन' हे शब्द असावेच लागतात, शिवाय आपापल्या नियामक संस्थेचे नावाबद्दलचे नियम असतात.

नाव घ्यायचं ठरलं तर

नावाचे तीन भाग असतात: ओळख देणारा शब्द, धंदा सांगणारा शब्द आणि कायदेशीर शेपूट. 'इंद्रायणी फूड्स इंक.' यात इंद्रायणी ही ओळख, फूड्स हा धंदा. 'टोरोंटो सॉफ्टवेअर कन्सल्टिंग इंक.' यात गाव आणि धंदा आहे, ओळख कुठेच नाही. फेडरल तपासनीस असं नाव परत पाठवतो. नुसतं आडनावही तिथे अपुरं पडतं. 'पाटील इंक.' चालणार नाही. आडनावाला आणखी शब्द जोडावे लागतात आणि ज्याचं नाव वापरतो त्या माणसाची संमती कागदावर ठेवावी लागते. माणूस जाऊन ३० वर्षं झाली नसतील तर वारसांची संमती लागते. आजोबांच्या स्मरणार्थ कंपनी काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आपल्या लोकांची सगळ्यात जास्त अडचण 'इंजिनीअरिंग' या शब्दावर होते. पुण्यात सहज चालणारं 'अमुक इंजिनीअरिंग वर्क्स' इथे चालत नाही. ऑन्टेरिओत इंजिनीअर किंवा इंजिनीअरिंग हा शब्द कंपनीच्या नावात घालायला 'प्रोफेशनल इंजिनीअर्स ऑन्टेरिओ' या संस्थेची लेखी संमती लागते, आणि ती लायसन्स असल्याशिवाय मिळत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांनाही तोच नियम. 'टेक्नॉलॉजीज', 'सिस्टिम्स', 'सोल्युशन्स' हे शब्द बिनधास्त वापरावेत. बँक, ट्रस्ट, इन्शुरन्स, युनिव्हर्सिटी यांच्या वाटेला परवानगीशिवाय जाऊ नये.

दुसरी अडचण स्पेलिंगची, आणि ती जरा बारकाईने बघण्यासारखी आहे. नोंदीत नाव रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत असावं लागतं. लक्ष्मी हा एकच शब्द 'क्ष'साठी एक्स घालूनही लिहितात आणि के-एस-एच घालूनही. श्रीचे तर तीन प्रकार सर्रास दिसतात. त्यात ग्रेटर टोरोंटोत आपण एकटे नाही. गुजराती मिठाईवाला, तमिळ दागिनेवाला, पंजाबी ट्रकवाला हे सगळे ओम, श्री, गणेश, कमल याच शब्दभांडारातून नावं उचलतात. तुम्ही एका स्पेलिंगने शोधलं, काही सापडलं नाही म्हणून निर्धास्त झालात, आणि दुसऱ्या स्पेलिंगचं दुकान चार सिग्नल पलीकडे गेली काही वर्षं चालू आहे, असं होतं. म्हणून रिपोर्टवर पैसे घालण्याआधी सगळी स्पेलिंगं कागदावर लिहून रजिस्ट्रीच्या फुकट शोधात, ट्रेडमार्कच्या सरकारी डेटाबेसमध्ये, गूगल मॅप्सवर आणि डोमेन विकणाऱ्या साइटवर एकेक तपासावी. त्यातल्या त्यात सुरक्षित म्हणजे मराठी मुलखातली नावं: नद्या, गड, घाट. इंद्रायणी, वैतरणा, भंडारदरा यांना इथे गर्दी कमी. पण फोनवर इंग्रजी बोलणाऱ्याला ते नाव एका दमात लिहून घेता येतं का, हेही बघावं. ईमेल पत्त्यात रोज त्याचा जाच होतो.

मराठी पाटी हवी असेल तर एक कमी माहीत असलेली सोय सांगतो. ऑन्टेरिओच्या कंपनी कायद्यात, आर्टिकल्समध्ये खास तरतूद घातली तर कंपनीला आपलं नाव कुठल्याही भाषेत लिहिण्याची मुभा आहे. रोमन नाव असतंच, त्याला ही जोड. ती नोंदणीच्या वेळीच घातली तर वेगळा खर्च नाही. नंतर घालायची तर पुन्हा अमेंडमेंट.

न्यूआन्स रिपोर्ट कसा वाचावा

रिपोर्ट हातात आला की बरेच जण वर आपलं नाव छापलेलं बघून खूश होतात. ते नाव वर असतंच. तो तुमचाच अर्ज आहे. वाचायचा तो खालचा भाग. तिथे मिळतीजुळती कंपन्यांची नावं, व्यवसायनावं आणि ट्रेडमार्क येतात. प्रत्येक ओळीत ती नोंद कुठली, तिचा क्रमांक, तारीख आणि स्थिती दिसते. विसर्जित झालेल्या कंपन्या वेगळ्या काढाव्यात, उरलेल्यांत तुमच्याच धंद्यातल्या शोधाव्यात. 'वैतरणा लँडस्केपिंग' असेल आणि तुम्ही सॉफ्टवेअर करत असाल तर चिंता कमी. 'वैतरणा डेटा' असेल तर थांबा. 'इंक.'च्या जागी 'लि.' घातलं म्हणजे नाव वेगळं झालं, या भरवशावर राहू नये. मधे एखादं टिंब किंवा जोडरेघ घालूनही काम होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ऑन्टेरिओत न्यूआन्स रिपोर्ट म्हणजे नावाची मंजुरी नव्हे. तंतोतंत तेच नाव आधी असेल तर अर्ज अडतो. नुसतं मिळतंजुळतं असेल तर प्रांत तुम्हाला अडवत नाही. सर्टिफिकेट मिळतं आणि जबाबदारी तुमच्यावर येते. उद्या आधीच्या मालकाने हरकत घेतली, तर सुनावणी होऊन नाव बदलण्याचा आदेश निघू शकतो, आणि ट्रेडमार्कचा दावा वेगळाच. बोर्ड, पॅकिंग, गाडीवरची अक्षरं, सगळं पुन्हा. फेडरलमध्ये माणूस बसून नाव तपासतो आणि गोंधळ होण्याजोगं नाव सुरुवातीलाच नाकारतो. काहींना हा त्रास वाटतो. माझ्या मते ज्याला ब्रँड उभा करायचा आहे, त्याच्यासाठी हा फेडरल नोंदणीचा मोठा फायदा आहे: नकार आत्ता मिळालेला बरा, बोर्ड लागल्यावर नको. तिथेही पुढे गोंधळ सिद्ध झाला तर 'डायरेक्टर' हा सरकारी अधिकारी (कंपनीचा डायरेक्टर नव्हे) नाव बदलायला सांगतो. ६० दिवसांत बदललं नाही तर नाव काढून घेऊन दुसरं नाव देऊ शकतो, आणि ते नाव नंबरचंच असू शकतं.

रिपोर्टची मुदत ९० दिवस. अर्जाच्या दिवशी तो त्याहून जुना असेल तर निकामी. फेडरलसाठी घेतलेला रिपोर्ट ऑन्टेरिओला चालत नाही. आणि अर्जातलं नाव रिपोर्टातल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळावं लागतं: 'इंक' पुढचं टिंब, दोन शब्दांमधली जागा, एकवचन-अनेकवचन. 'सोल्युशन' आणि 'सोल्युशन्स' या एका अक्षराने अर्ज परत येतो. रिपोर्ट मागवतानाच नाव एकाने वाचावं, दुसऱ्याने तपासावं. रिपोर्टचा नंबर आणि तारीख अर्जात भरायची असते.

इतर प्रांतांत रीत वेगळी. ब्रिटिश कोलंबियात आधी नावाची मंजुरी घेऊन मग नोंदणी करायची. मंजूर नाव ५६ दिवस राखून ठेवतात. क्युबेकमध्ये नाव फ्रेंच कायद्याच्या चौकटीत बसावं लागतं.

अर्जाचं उरलेलं पटकन उरकतं. ऑन्टेरिओतला खराखुरा पत्ता लागतो, पोस्ट बॉक्स चालत नाही. कंपनीचा अधिकृत ईमेल द्यावा लागतो. तिथे कामाच्या ठिकाणचा किंवा अकाउंटंटचा ईमेल देऊ नये, कारण पुढच्या सगळ्या सूचना त्यावरच येतात. ऑन्टेरिओत डायरेक्टर कॅनडात राहणारा असण्याची अट ५ जुलै २०२१ पासून उठली. फेडरलमध्ये अजूनही डायरेक्टरांपैकी किमान २५ टक्के कॅनडाचे रहिवासी लागतात. पुण्यातल्या भावाला एकट्याला डायरेक्टर करायचं असेल तर हा फरक निर्णायक ठरतो. सर्टिफिकेट मिळाल्यावर ६० दिवसांच्या आत इनिशियल रिटर्न, म्हणजे कंपनीची सुरुवातीची माहिती भरायची. फेडरल कंपनी ऑन्टेरिओत धंदा करणार असेल तर तिलाही इथला इनिशियल रिटर्न भरावा लागतो, आणि हे बरेच जण विसरतात. फेडरलचा वार्षिक रिटर्न वेगळा. १२ डॉलरचा तो रिटर्न चुकवत राहिल्याने चालत्या कंपन्या विसर्जित होतात.

नंबर घेतल्यावर कागदावर काय लिहायचं

नंबरच्या कंपनीचा खरा त्रास इथे सुरू होतो, आणि यावर कुणी फारसं बोलत नाही.

कायदा असा की करार, इन्व्हॉइस, चेक आणि मालाच्या ऑर्डर या सगळ्यांवर कंपनीचं नोंदणीतलं नाव वाचता येईल असं लिहायला हवं. व्यवसायनाव वापरत असाल तर दोन्ही. म्हणजे इन्व्हॉइसच्या माथ्यावर मोठ्या अक्षरात 'इंद्रायणी टिफिन' चालेल, पण त्याच कागदावर '१०००१२३४५६ ऑन्टेरिओ इंक.' हवंच. व्यवसायनावाला 'इंक.' किंवा 'लि.' लावता येत नाही. ते लावलं की नसलेल्या कंपनीच्या नावाने व्यवहार झाला.

करारावरची सही अशी असावी: पहिल्या ओळीत '१०००१२३४५६ ऑन्टेरिओ इंक., इंद्रायणी टिफिन या नावाने व्यवसाय करणारी', त्याखाली सहीची रेघ, रेघेखाली सही करणाऱ्याचं नाव आणि पद, आणि सगळ्यात खाली 'कंपनीला बांधील करण्याचा मला अधिकार आहे' हे वाक्य. या अर्थाचं इंग्रजी वाक्य ऑन्टेरिओतल्या प्रत्येक व्यवस्थित करारावर दिसेल. नुसतं 'इंद्रायणी टिफिन' लिहून खाली स्वतःची सही ठोकली, तर समोरचा उद्या म्हणू शकतो की मी या माणसाशी व्यवहार केला, कंपनी बिंपनी मला माहीत नाही. मर्यादित जबाबदारीसाठी कंपनी काढायची आणि एका ओळीच्या आळसाने ती घालवायची, हे होऊ देऊ नका. व्यवसायनाव नोंदवलंच नसेल तर दंड होऊ शकतो, आणि बुडालेल्या बिलासाठी कोर्टात जायची वेळ आली तर कोर्टाच्या परवानगीशिवाय दावा पुढे जात नाही.

दुसरा धोका आकड्यांचाच. नावात एक अक्षर चुकलं तर वाचणाऱ्याला चूक दिसते. दहा आकड्यांत दोन आकडे उलटसुलट झाले तर काहीच विचित्र दिसत नाही. उलट तो नंबर बहुधा दुसऱ्याच कुणाच्या चालू कंपनीचा असतो. विम्याच्या सर्टिफिकेटवर असा नंबर छापला गेला तर विमा परक्या कंपनीचा झाला, आणि ही चूक लक्षात येते ती क्लेमच्या वेळी. म्हणून नंबर कधीही हाताने टाइप करू नये. सर्टिफिकेटवरून एकदा कॉपी करून एका फाइलमध्ये ठेवावा आणि कायम तिथूनच उचलावा. विमा, लीज, बँक यांचा प्रत्येक कागद आला की आधी आकडे दोघांनी मोठ्याने वाचावेत. मालकाची होल्डिंग आणि चालता धंदा या दोन्ही कंपन्या नंबरच्या असतील, तर गोंधळ दुप्पट होतो: एकीचा चेक दुसरीच्या खात्यात, एकीचं भाडं दुसरीच्या हिशेबात. माझं ठाम मत असं, की एकाच घरात दोन कंपन्या असतील तर निदान धंद्याच्या कंपनीला नाव द्यावंच. नंबर होल्डिंगला राहू दे.

बँकेत खातं उघडताना आर्टिकल्स, सर्टिफिकेट आणि व्यवसायनावाची नोंदणी तिन्ही न्यावीत. व्यवसायनाव खात्याला जोडलं नसेल तर त्या नावाने आलेला चेक बँक परत करू शकते. घरगुती गिऱ्हाईक असलेल्यांनी, म्हणजे डबेवाले, केटरर, ट्यूशनवाले यांनी, इंटरॅक ई-ट्रान्स्फर पाठवणाऱ्याला समोर कोणतं नाव दिसतं ते स्वतः एकदा पैसे पाठवून बघावं. मागवला डबा आणि स्क्रीनवर आले दहा आकडे, तर फसवणुकीच्या बातम्या वाचलेली माणसं तिथेच थांबतात. एचएसटीसाठीही १०० डॉलर आणि वरच्या इन्व्हॉइसवर व्यवसायाचं नाव आणि एचएसटी नंबर लागतो; तो नसेल तर कंपनी असलेलं गिऱ्हाईक बिल परत पाठवतं, कारण त्याला भरलेला कर परत घ्यायचा असतो.

एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगायला हवी: ६० डॉलर भरून नोंदवलेल्या व्यवसायनावाने त्या नावावर हक्क मिळत नाही. तेच नाव दुसरा कुणीही नोंदवू शकतो. बिझनेस नेम्स अ‍ॅक्ट त्याला अडवत नाही. ती नोंद कशासाठी, तर या पाटीमागे कोण आहे हे लोकांना कळावं म्हणून. नाव खरंच राखायचं असेल तर ट्रेडमार्क. कंपनीचं नाव म्हणून नोंदवलं तरी ते ट्रेडमार्क होत नाही, फक्त त्याच रजिस्टरमध्ये तेच नाव दुसऱ्याला मिळत नाही.

नंबरवरून नावावर जाताना

नंबरच्या जागी नाव घ्यायला डायरेक्टरांचा ठराव पुरतो, भागधारकांच्या विशेष ठरावाची गरज नसते. एकट्याची कंपनी असेल तरी ठराव लिहून, सही करून मिनिट बुकात (ठरावांच्या वहीत) लावायचा. ताजा न्यूआन्स रिपोर्ट घ्यायचा, आर्टिकल्स ऑफ अमेंडमेंट ऑनलाइन भरायचे. हे काम एका बैठकीत होतं. कॉर्पोरेशन नंबर बदलत नाही, ९ आकडी बिझनेस नंबर बदलत नाही, एचएसटी आणि पगाराची खाती तीच राहतात, जुने करार चालू राहतात. कंपनी तीच आहे.

वेळ जातो तो नंतर, सगळ्यांना कळवण्यात. क्रम ठरवून घ्यावा. आधी रेव्हेन्यू एजन्सीच्या पोर्टलवर नवं नाव दिसतंय का ते बघायचं. दिसत नसेल तर अमेंडमेंटचं सर्टिफिकेट पाठवायचं. मग बँक, कारण तिथे प्रत्यक्ष जाऊन सह्या कराव्या लागतात. मग विमा, आणि तो दुरुस्त होईपर्यंत नव्या नावाने नवा करार करू नये. त्यानंतर लीज, डब्ल्यूएसआयबी (कामगारांच्या अपघात विम्याचं मंडळ), गाडीची नोंदणी, क्लायंटचे व्हेंडर फॉर्म. मोठ्या कंपन्यांच्या अकाउंट्स खात्यात नाव बदलायला आठवडे लागतात आणि तोपर्यंत नव्या नावाचं इन्व्हॉइस अडकून पडतं. म्हणून बदल महिनाअखेरीला करू नये. आधीची बिलं वसूल होऊ द्यावीत, मग अर्ज भरावा. कंपनीच्या जुन्या नावाखाली नोंदवलेलं व्यवसायनाव शिल्लक असेल तर ते रद्द करायचं किंवा सुधारायचं.

नाव आज पक्कं नसेल, तर नंबर घ्या आणि त्यासोबत एक तारीख ठरवा: पहिल्या मोठ्या खर्चाच्या आधीची. बोर्ड, वेबसाइट, पॅकिंग, गाडीवरचं रंगकाम यांपैकी पहिलं जे येईल त्याच्या आधी. तोपर्यंत नंबरने जेवढे कमी कागद फिरतील तेवढं नंतरचं काम कमी.